उद्यमनगरातले सायलेन्सरवाले मामा : गाडीच्या आवाजाचं काम, खर्च आणि माझा अनुभव

गाडीचा आवाज घालवण्यात माझे डिसेंबर ते मार्च असे चार महिने गेले. त्यातले साडेतीन महिने नुसती हेलपाटी झाली आणि खरं काम शेवटी चार दिवसांत झालं, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. आपल्याकडे गॅरेजचा रिव्ह्यू म्हणजे "मस्त काम, रेट चांगला" एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून आपल्या गाडीला काय झालंय याचा काही पत्ता लागत नाही. मला तेव्हा असं कुणीतरी नीट लिहिलेलं वाचायला मिळालं असतं तर बरेच पैसे आणि डोकेदुखी वाचली असती.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीची, नऊ वर्षं झाली, पंच्याहत्तर हजार किलोमीटर. आम्ही कोल्हापुरात नागाळा पार्कात राहतो. आठवडाभर गाडी फक्त घर ते शाळा, जेमतेम चार किलोमीटर, आणि रविवारी आईकडे गारगोटीला. २०२१ च्या जुलैतल्या पुरात गाडी एक रात्र पाण्यात उभी होती, पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत आलेलं, आत शिरलं नव्हतं म्हणून तेव्हा आम्ही नशीबवान समजलो होतो. हे सगळं का सांगतेय ते पुढे कळेल, कारण मामांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

डिसेंबरात थंडी पडली तसा सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून टिक टिक टिक असा आवाज यायला लागला, दोन तीन मिनिटांत बंद. मी दुर्लक्ष केलं. जानेवारीत घाटाकडं जाताना, म्हणजे चढावर ॲक्सिलरेटर दाबला की खालून भर्रर्र, जणू ट्रॅक्टर चाललाय. मग त्यात तिसरा आवाज आला, पत्र्याचा चर्रर्र, तो फक्त एका ठराविक स्पीडला, जरा वर गेलं की गायब. आणि सिग्नलला थांबलं की गाडीत धुराचा वास. ॲव्हरेज सतरावरून चौदावर आलेलं.

पहिल्यांदा गेले कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला (नाव नको). तिथं गाडी पोचेपर्यंत गरम झालेली असणार हे उघड आहे, त्यामुळे टिकटिक बंद. सल्लागाराने पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं टॅपेटचा (इंजिनच्या वरच्या भागातले व्हॉल्व्ह हलवणारे भाग) आवाज असू शकतो, इंजिन उघडून बघावं लागेल, आणि खालच्या आवाजासाठी पुढच्या पाईपपासून मागच्या डब्यापर्यंत पूर्ण सायलेन्सर असेंब्ली बदला, एस्टिमेट एक्केचाळीस हजार, इंजिनचं वेगळं. नऊ वर्षांच्या गाडीला एक्केचाळीस हजार ऐकून मी गाडी परत घेऊन आले. दुसऱ्यांदा रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगवाल्याने खाली झोपून बघितलं आणि जाळीच्या पाईपावर करडी पेस्ट थापून दिली, चारशे रुपये. आठ दिवस शांत, नवव्या दिवशी सगळी पेस्ट पापड सुटावा तशी सुटून पडली. आता कळतंय की तो पाईप हलायलाच बनवलेला असतो, त्याच्यावर कडक होणारी पेस्ट टिकणार कशी.

या गॅरेजचं नाव आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं. शिवाजी उद्यमनगरात आत गल्लीत आहे, बाहेर बोर्ड छोटाच, ओळखायची खूण म्हणजे भिंतीला टांगलेले जुने सायलेन्सर. मालक साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात, हाताखाली दोन पोरं. आधी ट्रकचे आणि रिक्षाचे सायलेन्सर करायचे, आता गाड्यांचे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मामांनी बॉनेटला हातच लावला नाही. आधी प्रश्न. आवाज सकाळी येतो की कधीपण? गाडी तापल्यावर कमी होतो का? चढाला वाढतो का, का नुसतं रेस केलं तरी वाढतो? जवळजवळचीच गाडी चालते का? पुरात होती का? आणि हे सगळं मला विचारत होते. मिस्टर सोबत होते, बहुतेक गॅरेजमध्ये मी बोलते आणि उत्तर त्यांच्याकडं बघून मिळतं, इथं तसं झालं नाही. मग म्हणाले, "ताई, गाडी आज ठेवून जावा. तापलेल्या गाडीचा आवाज ऐकून मी काय सांगितलं तर ते खोटं असंल. उद्या सकाळी आठला या, तुम्ही स्वतः चालू करा, मी ऐकतो." एवढी साधी गोष्ट, आवाज थंड इंजिनला येतोय तर थंड इंजिनच ऐकायला पाहिजे, पण त्यासाठी गाडी रात्रभर ठेवा असं आधी मला कुणीच म्हणालं नव्हतं.

सकाळी गेले. चालू केली, टिक टिक सुरू. मामांनी एक साधी रबरी नळी घेतली, हात दीड हात लांब, एक टोक कानाला आणि दुसरं टोक इंजिनच्या मागच्या बाजूने फिरवत गेले जिथं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा पाईप, इंजिनच्या वरच्या भागाला (हेडला) बसतो. एका जागी थांबले, नळी माझ्या हातात दिली. स्पष्ट फुस फुस फुस ऐकू येत होतं. तिथंच टॉर्च मारून दाखवलं, गॅस्केटच्या (जोडातली गळती रोखणाऱ्या पातळ पट्टीच्या) कडेला काजळीची काळी रेघ, शेवटच्या सिलिंडरपाशी. मग लांब स्क्रू ड्रायव्हर वरच्या कव्हरला टेकवून मूठ कानाला लावली आणि म्हणाले वर सगळं ठीक आहे, टॅपेटचा विषय नाही. टॅपेटचा आवाज वरून येतो आणि लोड दिला म्हणून फारसा वाढत नाही, मॅनिफोल्डची गळती लोड दिला की वाढते. गरम झालं की लोखंड फुगतं आणि फट बसते म्हणून दोन मिनिटांत आवाज बंद व्हायचा, पण गळती पूर्ण थांबत नाही.

इथं त्यांनी स्कॅनर लावला आणि मला ॲव्हरेजचं कोडं सुटलं. पी०१७१ कोड स्टोअर झालेला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी आहे. मॅनिफोल्डच्या फटीतून धूर बाहेर येतो तसाच दोन फुसकाऱ्यांच्या मध्ये बाहेरची हवाही आत ओढली जाते, ती पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला लागते, सेन्सर म्हणतो ऑक्सिजन जास्त आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा इंजेक्टरमधून, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागातून, पेट्रोल वाढवत बसतो. स्क्रीनवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक चौदा दाखवत होतं. म्हणजे चौदा टक्के पेट्रोल जास्त चाललेलं, तेही एका गॅस्केटपायी.

मग गाडी रॅम्पवर. इंजिन बंद, मागच्या टोकातून कंप्रेसरची हवा अगदी कमी प्रेशरने सोडली आणि पोराने सगळ्या पाईपवर साबणाचं पाणी फवारलं. जाळीच्या पाईपाला, म्हणजे फ्लेक्स पाईपला, बाजूने बुडबुडेच बुडबुडे. मागच्या डब्याच्या तळाला बारीक बारीक तीन चार भोकं. हे मी स्वतः बघितलं. घरी बघायचं असेल तर मामांनी एक सोपा उपाय सांगितला, गाडी चालू असताना ओल्या जाड फडक्याने मागचं तोंड चार पाच सेकंद दाबून धरायचं (दुसऱ्या कुणीतरी, हात भाजू न देता, आणि उघड्यावर), जिथं फुटलंय तिथं फुसफुस वाढते.

शेवटी रबरी हातोडी घेऊन सगळ्या सायलेन्सरला हळूहळू टकटक करत गेले. कॅटलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याला, ठोकून मला म्हणाले ऐका, आत खडखड नाही, आतली जाळी फुटली असती तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला असता. म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमधला सगळ्यात महाग भाग चांगला होता! वरच्या हीट शील्डला, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला, ठोकलं आणि तोच चर्रर्र. त्याचा स्पॉट वेल्ड सुटलेला. बरेच जण हा पत्रा काढूनच टाकतात, मामा म्हणाले काढायचा नाही, वर गाडीचा तळ आणि वायरिंग आहे, ते याच्यामुळं तापत नाही. एक मोठी होज क्लिप घालून आवळला, साठ रुपये, तिसरा आवाज त्याच क्षणी संपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. मला वाटलं फ्लेक्स फाटलाय तर नवीन टाकतील आणि झालं. मामांनी गाडी खाली घेतली, बॉनेट उघडं ठेवून मला आत बसवलं, हँडब्रेक आणि ब्रेक दाबून पहिला गिअर टाका, क्लच अगदी जरासा सोडा. मग तेच रिव्हर्सला. मिस्टर समोर उभे होते, त्यांनी बघितलं, इंजिन दोन बोटं पुढं आणि दोन बोटं मागं डोलत होतं. खालच्या इंजिन माउंटिंगचं, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर फाटलेलं. इंजिन आडवं बसवलेल्या गाडीत इंजिन मागंपुढं हलतं आणि सायलेन्सर गाडीच्या तळाला टांगलेला, या दोघांच्या मधला धक्का फ्लेक्स पाईप झेलतो. माउंटिंग गेलं की सगळा भार फ्लेक्सवर येतो, आणि मॅनिफोल्डच्या स्टडांवरपण (तो इंजिनला घट्ट धरणारे बोल्ट) ताण पडतो. "नुसता फ्लेक्स घातला असता तर सहा महिन्यांत तुम्ही परत आला असता आणि माझ्या वेल्डिंगला नाव ठेवलं असतं," असं म्हणाले. खरंच ठेवलं असतं.

डबा का सडला तेही सांगितलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरातून बाहेर पडतं. लांब गाडी चालली तर डबा तापतो आणि ती वाफ निघून जाते, पण चार किलोमीटरच्या शाळेच्या फेरीत डबा तापतच नाही, वाफेचं पाणी होऊन तळाला साचतं आणि आतून गंज धरतो. त्यात आमच्या गाडीला पुराचं गढूळ पाणी, डब्याला खाली पाणी जायला एक बारीक भोक असतं ते गाळाने बुजलेलं. म्हणजे पूर ओसरल्यावर आम्ही इंजिन ऑइल बदललं, ब्रेक साफ केले, सीट वाळवल्या, आणि सायलेन्सर कुणीच बघितला नाही.

आणि धुराच्या वासाबद्दल मामा पहिल्यांदा जरा कडक आवाजात बोलले. फ्लेक्स बरोबर आपल्या पायाखाली पुढच्या बाजूला येतो, गाडी थांबली की धूर वर चढतो आणि हवेच्या फॅनने आत ओढला जातो. वास येतो तो बाकीच्या वायूंचा, त्यात जो विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो त्याला ना वास ना रंग. रविवारी गारगोटीहून येताना माझं डोकं जड व्हायचं ते मी उन्हावर ढकलत होते. आई शेजारी बसायची. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कुणाच्या गाडीत असा वास येत असेल तर आवाज सहन होतोय म्हणून चालढकल करू नका, काचा उघड्या ठेवून सरळ गॅरेजला जा.

कामाबद्दल. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने कॉम्प्युटर उडू शकतो, रस्त्यावरच्या माणसाने हे केलं असतं का मला शंका आहे. मॅनिफोल्डच्या नटांना आदल्या रात्रीच गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवलेलं. तरी एक स्टड तुटला. मामा अजिबात घाबरले नाहीत, तुटलेल्या टोकावर एक नट वेल्ड केला, गरम असतानाच पान्याने हळूहळू मागंपुढं करत अख्खा स्टड बाहेर काढला. मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर कड जरा वाकलेली, म्हणून तो पोराच्या हातात देऊन दोन गल्ल्या सोडून फेसिंगला, म्हणजे कड सपाट करून घ्यायला, पाठवला आणि दुपारी परत आला. उद्यमनगरात काम करण्याचा हा फायदा आहे, लेथ, ग्राइंडिंग, फाउंड्री सगळं चालत जायच्या अंतरावर, एवढ्यासाठी दुसऱ्या गावात मॅनिफोल्डच नवीन घ्या म्हणाले असते. नवीन गॅस्केट, नवीन स्टड, नट आवळताना मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) लावून. फ्लेक्स नवीन, स्टेनलेसचा, आत लायनर (अस्तर) असलेला, आणि आधी नवीन माउंटिंग बसवून मगच फ्लेक्स आर्गॉनने वेल्ड केला म्हणजे तो इंजिनच्या खऱ्या जागेवर ताण न येता बसेल. मागच्या डब्याला ठिगळ मारा म्हणून मी म्हणाले होते, त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टोचून दाखवला, पत्रा बिस्किटासारखा आत गेला, ठिगळाला धरायला काही शिल्लकच नाही. डबा नवीन, पण फक्त डबाच.

बिल एकूण दहा हजार सहाशे. डबा ३,२००, माउंटिंग १,६५०, फ्लेक्स १,४००, वेल्डिंग ९००, मजुरी २,५००, बाकी गॅस्केट, स्टड, फेसिंग आणि ती क्लिप. जुने सगळे पार्ट डिकीत घालून दिले. ॲव्हरेज परत सोळा साडेसोळावर आलंय, ट्रिम नंतर बघितली तेव्हा अधिक तीन.

आता जे आवडलं नाही तेपण लिहायला पाहिजे. दोन दिवस सांगितले आणि चार लागले, डबा मिळायला वेळ लागला हे मान्य, पण फोन करून सांगायला हवं होतं, मीच तीनदा फोन केला आणि दोनदा उचलला नाही. मला त्या दोन दिवसांत रिक्षाने शाळेत जावं लागलं. बिल हातानं लिहिलेलं, तेही मागितल्यावर. बसायला एक लोखंडी बाक, त्यावर पार्ट पडलेले, बायकांना सोयीचं काहीच नाही, त्यामुळं थांबून काम बघायचं असेल तर तयारीने जा. नवीन डब्याचा आवाज जुन्या कंपनीच्या डब्यापेक्षा किंचित जाड आहे, त्रास होण्याइतका नाही, पण आहे. पहिल्या दिवशी पाऊण तास जळका वास आणि थोडा धूर येईल, नवीन पार्टवरचा लेप जळतो तो, हे त्यांनी आधी सांगितलेलं म्हणून मी घाबरले नाही.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, सोमवारी बंद असतं. आवाज थंड गाडीला येत असेल तर रात्रभर ठेवायच्या हिशोबानेच जा. यूपीआय चालतं. पूर्ण सायलेन्सर बदला असं कुणी सांगितलं असेल तर सही करायच्या आधी एकदा यांना दाखवा, निदान कुठं फुटलंय ते डोळ्यांनी बघायला मिळेल. मी पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा स्टार फोन न उचलण्याचा.

पाचशे किलोमीटर झाल्यावर नट परत तपासायला बोलावलं होतं, फुकट. मी शनिवारी संध्याकाळी गाडी सोडली, रविवारी सकाळी परत तेच, मी चालू केली आणि मामांनी नळी काढली. मॅनिफोल्डच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, मग नळी मला दिली. आतून एक बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येत होती आणि माझ्या छातीत धस्स झालं. मी बघितलं त्यांच्याकडं. "तो इंजेक्टरचा ओ ताई," मामा म्हणाले, "तो पाहिजेच." आणि बॉनेट लावून टाकलं.